फाटकातली दिंडी उघडी ठेवा

प्रति,
बंद फाटकाच्या रस्त्यांवर राहणारे सर्व रहिवासी
आणि त्यांच्या व्यवस्थापन समित्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका रस्त्याच्या फाटकावर एक वही असते. लांबट, जाड पुठ्ठ्याची, सुतळीने पेन बांधलेली. रकाने पाच: नाव, वेळ, कोणाकडे, काम, सही. अकरा महिने, आठवड्यातून दोनदा, मी त्या वहीत सही केली आहे. 'काम' या रकान्यात 'फिजिओथेरपी' मावत नसे, म्हणून पुढे पुढे नुसतंच 'व्यायाम' लिहू लागले. पहारेकरी ते वाचून दर वेळी हसायचे आणि दिंडी उघडायचे.

दिंडी हा शब्द हल्ली पालखीबरोबरच आठवतो, म्हणून सांगते. मोठ्या दरवाजाच्या अंगातच माणसापुरतं जे छोटं दार ठेवलेलं असतं, ती दिंडी. दरवाजा बंद असला तरी येणंजाणं थांबू नये, यासाठी केलेली सोय. तुमच्या फाटकालाही ती आहे. लोखंडी, काळी, तेलपाणी केलेली, अजिबात न कुरकुरणारी.

पेशंट बरे झाले, माझं जाणं संपलं. महिन्याभराने त्याच भागात दुसरं एक काम निघालं आणि ते लवकर आटोपलं. संध्याकाळची वेळ, हवा चांगली. म्हटलं, त्या रस्त्यावरून चालत पलीकडे निघून जावं. झाडं फार सुरेख आहेत तुमच्याकडे. अकरा महिने ती मी घड्याळाकडे बघत ओलांडली होती. फाटकावर गेले, वहीत नाव घातलं, वेळ घातली. 'कोणाकडे' पाशी अडले आणि रेघ ओढली. 'काम' या रकान्यात लिहिलं: फिरायला.

पहारेकऱ्यांनी वही स्वतःकडे फिरवून वाचली.

"ताई, नाव कोणाचं घालू?"

"कोणाचंच नाही. पलीकडच्या फाटकातून बाहेर पडते."

"मग कसं सोडू?"

ते उर्मट बोलले नाहीत. उलट इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. काम असतं तर त्यांनी मला एका मिनिटात आत घेतलं असतं. माणूस म्हणून ते मला ओळखत होते, पण वही ओळखत नव्हती. मी पेन ठेवलं आणि बाहेरून वळसा घालून गेले. आतून सहा मिनिटांची वाट, बाहेरून बावीस मिनिटं. घड्याळ लावून मोजली. लोकांची चाल मोजायची आम्हाला सवयच असते.

हे पत्र त्या पहारेकऱ्यांबद्दल नाही. त्यांच्या नोकरीवर गदा येऊ नये म्हणून रस्त्याचं आणि शहराचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. शिवाय असा रस्ता काही एकच नाही.

आता कोणी म्हणेल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. म्हणू द्या. मला तुमच्या घरांत शिरायचं नाही, तुमच्या दिवाणखान्यात काय टांगलंय ते बघायचं नाही. तुमचं घर तुमचं, तुमची बाग तुमची. माझं म्हणणं फक्त दोन घरांच्या मधल्या पट्ट्याबद्दल आहे. आणि ते मला सुचलं तुमच्याच एका रहिवाशामुळे.

त्यांना मी काका म्हणते. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती, वय ऐंशीच्या पुढे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वॉकर धरून उभं राहणंही कठीण होतं. तीन महिन्यांत काठीवर आले. त्यापुढे औषध एकच, चालणं. घरात चालून भागत नाही. खाचखळगे, चढउतार, कडेची पायरी, या सगळ्याची पायाला पुन्हा ओळख व्हावी लागते. मी सांगितलं, रोज संध्याकाळी रस्त्यावर जा. पुढच्या खेपेला विचारलं, गेला होता का? नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. मी जरा रागावले, तर म्हणाले, "अगं, चालू कोणाला दाखवायला?"

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. काही मिनिटं उभी होते. एक गाडी गेली, काळ्या काचांची. मग कोणीच नाही. रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, झाडून घेतलेला पाचोळा, आणि माणूस औषधालासुद्धा नाही.

मग आम्ही तोडगा काढला. घरापासून फाटक एकशे चाळीस पावलांवर, आणि फाटकाशी पहारेकरी बसायचे. काकांनी रोज तिथवर जायचं, चार शब्द बोलायचे, परत यायचं. हे मात्र लागू पडलं. आठवड्याभरात ते दोनदा जायला लागले. पहारेकऱ्यांच्या मुलीची परीक्षा कधी, गावाकडे पाऊस झाला का, सगळं त्यांना ठाऊक. फक्त तिथे बसायला जागा नव्हती. पहारेकरी स्वतःची प्लास्टिकची खुर्ची द्यायचे आणि स्वतः उभे राहायचे, ते काकांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी समितीला लिहिलं की फाटकाशी आणखी एक खुर्ची ठेवावी, पैसे मी देतो. उत्तर आलं, प्रवेशद्वाराच्या शोभेला बाध येईल.

ते पत्र काकांनी मला दाखवलं. छान जाड कागद होता.

काका या रस्त्यांबद्दल पुष्कळ वाचत, आणि पाय उचलून धरण्याचा व्यायाम चालू असला की वेदना विसरायला मला गोष्टी सांगत. त्यांच्या सर्वांत आवडीची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओ टेरेसची. लंबगोल आकाराचा खासगी रस्ता, भोवती पस्तीस बंगले, तोंडाशी फाटक आणि पहारा. १९०५ पासून रस्ता, पदपथ, मधली हिरवळ, सगळं रहिवाशांच्या संघाच्या मालकीचं. त्यावर कर किती? वर्षाला चौदा डॉलर. ते बिल जायचं एका हिशेबनिसाच्या पत्त्यावर, आणि त्याने तर १९८०च्या दशकातच संघाचं काम सोडलेलं. वर्षानुवर्षं कोणी भरलंच नाही. व्याज आणि दंड धरून थकबाकी हजाराच्या आत, नऊशे चौऱ्याण्णव डॉलर. शहराने २०१५मध्ये अख्खा रस्ता ऑनलाइन लिलावात काढला आणि एका जोडप्याने तो ९०,१०० डॉलरला घेतला. रहिवाशांना पत्ता लागला २०१७मध्ये, रस्ता परत विकत घ्यायचा आहे का, अशी नव्या मालकांच्या वतीने त्यांच्याकडे विचारणा सुरू झाली तेव्हा. नवे मालक म्हणत होते, गाड्या उभ्या करायचं भाडं लावू. शेवटी कज्जेदलाली, धावपळ, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने सात विरुद्ध चार मतांनी विक्री रद्द केली.

काका यावर खळखळून हसायचे आणि त्यांचा पाय खाली यायचा. मग मोजणी पहिल्यापासून.

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. दोन वर्षं रस्ता दुसऱ्याचा होता आणि तिथे राहणाऱ्या कोणालाही ते जाणवलं नाही. आपल्या अंगणाचा कोपरा कोणी बळकावला तर दुसऱ्या दिवशी कळतं. मग हा रस्ता त्यांना नक्की कशासाठी हवा होता? वापरायला नव्हे. दुसऱ्यांनी वापरू नये यासाठी. आणि हे दुसरे कोण, तेही त्या रस्त्याच्या सुरुवातीच्या जाहिरातींत स्पष्ट होतं: घरं फक्त गोऱ्यांना मिळतील. घर गोऱ्यांखेरीज कोणाला द्यायचं नाही, अशा करारांना न्यायालयं पाठबळ देणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तो खटला सेंट लुइस शहरातल्या एका घरावरून उभा राहिला होता.

त्याच सेंट लुइसमध्ये १८७०च्या सुमारास व्हँडेव्हेंटर प्लेस नावाचा खासगी रस्ता आखला गेला. मधोमध बाग, दोन्ही टोकांना भारी कमानी, काय बांधायचं आणि काय नाही याचे कडक नियम. शहरातली बडी घराणी तिथे राहायला गेली. काही दशकांत भोवती व्यापार वाढला, कारखान्यांचा धूर आला. धुराला वहीत सही करावी लागत नाही. श्रीमंत मंडळी आणखी पश्चिमेला सरकली, वाडे उतरणीला लागले. १९४७मध्ये पूर्वेकडचा अर्धा भाग माजी सैनिकांच्या इस्पितळासाठी गेला, पुढच्या दशकात उरलेलाही पडला. राहिली ती कमान. ती आता तिथल्या फॉरेस्ट पार्कमध्ये उभी आहे. भोवती हिरवळ, आणि तिच्याखालून कोणीही जावं.

लंडनने तर असली फाटकं कायद्यानेच काढली. ब्लूम्सबरीत ड्यूक ऑफ बेडफर्डच्या जमिनीवर चौकाचौकांच्या तोंडांशी फाटकं होती, पोशाखातले पहारेकरी होते. जवळच युस्टन आणि किंग्ज क्रॉस ही रेल्वे स्थानकं झाली, गाडी गाठायला निघालेली माणसं या फाटकांपाशी अडू लागली, आरडाओरडा झाला. मालकांचं म्हणणं तुमच्यासारखंच: देखभाल आम्ही करतो, शांतता बिघडेल, भलतीसलती माणसं येतील. १८९०च्या दशकात संसदेने कायदे केले आणि फाटकं निघाली. ब्लूम्सबरी आजही लंडनच्या देखण्या भागांत मोडते.

तुमच्या समितीचे वकील इथे बोट वर करतील, ते मला दिसतंय. ते म्हणतील, आज चालू दिलं तर उद्या लोक हक्क सांगतील. भीती अगदीच पोकळ नाही. इंग्लंडात लोक वीस वर्षं एखादी वाट हक्काने, बिनाअडथळा वापरत आले तर ती सार्वजनिक ठरू शकते. पण त्यावर उपायही तिथेच आहे: मालकाने 'परवानगीने वापर' अशी पाटी लावली की काम झालं. न्यूयॉर्कचा रॉकफेलर प्लाझा हा रस्ता खासगी आहे; मालकी शाबूत राहावी म्हणून तो वर्षातून एक दिवस बंद ठेवतात, बाकीचे दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे हक्क राखायला एक दिवस पुरतो. तुम्ही तीनशे पासष्ट घेताय.

दुसरा आक्षेप किमतीचा. लोक चालायला लागले तर घरांचे भाव उतरतील. मुंबईचा अल्टामाउंट रोड बघा, कागदोपत्री एस. के. बारोडावाला मार्ग. देशातल्या सर्वांत महागड्या रस्त्यांत त्याचं नाव येतं, सत्तावीस मजल्यांचं अँटिलिया तिथेच आहे. तो सार्वजनिक रस्ता आहे, आणि पायी जाणाऱ्यांमुळे तिथली घरं स्वस्त झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. पैसा असला की भीतीही असते, ती खरी असते. काकांच्या घरात मी ती पाहिली आहे. पण मग केन्सिंग्टन पॅलेस गार्डन्सचं उदाहरण घ्या. लंडनमधला, बहुधा जगातल्या सर्वांत श्रीमंत रस्त्यांपैकी एक. जमीन क्राउन इस्टेटची, म्हणजे राजघराण्याची खासगी नव्हे, तर राजपदाच्या नावावरची. १८४०च्या दशकात राजवाड्याच्या भाजीपाल्याच्या बागेवर हा रस्ता आखला. (सुरुवातीला तो चालेचना. ज्या गृहस्थाने बरेचसे भूखंड घेतले होते त्याचं १८४७मध्ये दिवाळं वाजलं. महागड्या रस्त्यांचेही वाईट दिवस असतात.) दुसऱ्या महायुद्धात त्यातल्या काही घरांत ब्रिटिशांनी युद्धकैद्यांची चौकशी केली. आज तिथे अब्जाधीश आहेत आणि वकिलाती आहेत, रशियाची आहे, इस्रायलची आहे. दोन्ही टोकांना फाटकं, पहारा, शस्त्रधारी पोलीस. गाडी अडवतात. फोटो काढू देत नाहीत.

पण चालत जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. तुम्ही जा, मी जाईन, सायकलवाला जाईल. या टोकाने शिरायचं, त्या टोकाने बाहेर.

मला इतकंच विचारायचं आहे: तुमच्या रस्त्यावर असं काय आहे, जे त्या वकिलातींपेक्षा जास्त जपावं लागतं?

देखभालीचं म्हणाल तर मान्य. दिवे, डांबर, गटारं, झाडांची छाटणी, सगळ्याचा खर्च तुम्ही करता. तो चोखपणे करता, हेही खरं; माझ्या पेशंटना मी निर्धास्तपणे त्या रस्त्यावर चालायला सांगेन, एवढा तो सपाट आहे. पण तुमच्या रस्त्याची दोन्ही टोकं जिथे संपतात तिथून पुढचा रस्ता सगळ्यांच्या पैशांनी झालेला आहे, आणि तुम्ही त्याच्यावरून रोज जाता. तिथे कोणी तुम्हाला 'कोणाकडे' असं विचारत नाही.

एक कबुली. नुसतं फाटक उघडून रस्ता जिवंत होतो, असा माझा दावा नाही. लंडनचाच द बिशप्स अव्हेन्यू उघडा रस्ता आहे, फाटक नाही, आणि तरी २०१४मध्ये पत्रकार तिथे गेले तेव्हा सर्वांत महागड्या टप्प्यातली एक तृतीयांश घरं रिकामी होती. काही तर पाव शतकभर. गुंतवणूक म्हणून घेतलेले वाडे. आत भिंतींवरून पाणी ओघळतंय, जमिनीतून नेचे उगवलेत, गालिच्यांवर कबुतरांचे सांगाडे. मालक दुसऱ्याच कुठल्या देशात. रस्ता माणसांना बंद करणं हा एक प्रकार झाला आणि घर घेऊन त्यात न राहणं हा दुसरा, पण खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला बाहेर दिसतं ते सारखंच. तुमच्याही रस्त्यावर कितीतरी घरांचे पडदे अकरा महिन्यांत हललेले मी पाहिले नाहीत. मोजायचा मोह झाला होता, पण तो माझा प्रांत नव्हे.

म्हणून मागणी अगदी लहान ठेवते. फाटक काढू नका. गाड्यांना उघडू नका. पहारा कमी करू नका, उलट त्या माणसांना ऊन-पावसात उभं राहायला नीट आडोसा द्या आणि जवळपास एक स्वच्छतागृह द्या. बारा तासांची पाळी करणारा माणूस कुठे जातो हा प्रश्न इतक्या बंगल्यांपैकी एकालाही पडला नसेल, यावर माझा विश्वास नाही. सकाळी सहा ते रात्री नऊ, पायी येणाऱ्यांसाठी फक्त दिंडी उघडी ठेवा. पाटी लावा: खासगी रस्ता, परवानगीने वापर. फोटो नको असतील तर तेही लिहा. वही ठेवायचीच असेल तर ठेवा, पण 'कोणाकडे' हा रकाना काढून टाका. आणि फाटकाशी दुसरी खुर्ची.

सहा महिने करून पाहा. त्रास झाला तर दिंडीला कडी आहेच.

काका आता तिथे राहत नाहीत. पडले-झडले असं काही नाही, तब्येत चांगली आहे. मुलीच्या गावी एका साध्या गल्लीत, तळमजल्यावर गेले. परवा फोनवर म्हणाले, इथे फार आवाज असतो, दुपारी झोप होत नाही. बरीच तक्रार करत होते. मी विचारलं, चालणं किती होतं? तर म्हणाले, मोजत नाही, कारण मधेच कोणीतरी थांबवतं.

तुमच्या समितीची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, असं पहारेकऱ्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. हा विषय तिथे ठेवावा, ही विनंती. माझी अर्धवट नोंद वहीत असेलच. नाव आहे, वेळ आहे, रेघ आहे, 'फिरायला' असं लिहिलेलं आहे. सहीची जागा तेवढी रिकामी आहे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट